ठळक अक्षरे आणि मोडलेला ‘बुद्ध’

यंदाच्या भीमजयंतीला राळेगावात बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वीस फुटी फ्लेक्स लागला होता. निळी पार्श्वभूमी, डाव्या हाताला बाबासाहेब, उजव्या हाताला तथागत आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. मी मोजले नाहीत, पण तीसच्या वर चेहरे असतील. मधोमध पांढऱ्या अक्षरांत अभिवादनाचा मजकूर होता आणि त्या मजकुरात ‘बुद्ध’ हा शब्द मोडला होता. द वेगळा, त्याच्या पायाशी हलन्ताची तिरपी काडी, आणि ध बाजूला एकटा उभा. त्याच फ्लेक्सवर शेतकऱ्यांच्या प्रश्नावरील सभेचीही सूचना होती. तिथे ‘ऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा र गायब होऊन त्याचा रफार ‘या’च्या डोक्यावर जाऊन बसला होता. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आता पहिल्या पानावरही येत नाही, त्या जिल्ह्यात ‘शेतकरी’ या शब्दाचे नीट अनेकवचनही छापले जाऊ नये, याचे मला वाईट वाटले.

फ्लेक्स लावणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला मी हे दाखवले. तो म्हणाला, “भाऊ, त्याच्या काँप्युटरातच तसं येते. आपन काय करनार?” पोरगा प्रामाणिक आहे. रात्रंदिवस राबून त्याने वर्गणी जमा केली होती. दोष त्याचा नाही. पण ‘त्याच्या काँप्युटरातच तसं येते’ हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य आपण शंभर वर्षांपूर्वी ऐकले आहे, फक्त शब्द वेगळे होते. तेव्हा ते ‘त्यांच्या छापखान्यात तसेच छापतात’ असे होते.

इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तरी एकदा आठवू. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला. म्हणजे आपला मजकूर तर सोडाच, आपले पत्र निघाले आहे ही दोन ओळींची सूचनाही त्यांच्या खिळ्यांना शिवू द्यायची नव्हती. पुढे १९२७ च्या एप्रिलात ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. त्या काळातच समाजाकडून निधी मागून स्वतःचा छापखाना उभा करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यातून भारत भूषण छापखाना उभा राहिला, जो नंतर बुद्ध भूषण झाला. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही नावे त्याच परंपरेतली. आपल्या विदर्भापुरते बोलायचे तर मोहप्याच्या किसन फागूजी बनसोडे यांनी त्याही आधी हीच गोष्ट ओळखली होती. त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे चालवली. लेखणी आपली असून भागत नाही, खिळेही आपले असावे लागतात, हे या माणसांना कोणी शिकवले नव्हते. अनुभवाने कळले होते.

१९३६ चे उदाहरण तर याहून बोलके आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. अध्यक्षीय भाषण लाहोरलाच छापायचे, ते स्वस्त पडते, असा मंडळाचा रिवाज होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. भाषण मुंबईतच छापून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला. पुढे मंडळाला त्यातला मजकूर झेपेना, हे गाळा, ते गाळा अशी पत्रे सुरू झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. अधिवेशनच रद्द झाले, पण भाषणाच्या १५०० प्रती छापून तयार होत्या आणि त्या स्वखर्चाने लोकांपुढे गेल्या. तेच ‘जातीचे निर्मूलन’. चार पैसे वाचवण्यासाठी ते लाहोरच्या छापखान्यात गेले असते, तर काय उरले असते, याचा विचार करून पाहा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मला आज बोलायचे आहे ते अक्षराच्या रूपाबद्दल. ठळक, जाड, जुन्या वळणाच्या छापील अक्षराबद्दल. हा विषय चळवळीच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

इंग्रजी छपाईत जे पारंपरिक अक्षर असते त्याला पाय असतात. ए, एम, आय या अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या पट्ट्या दिसतात, त्याला ते सेरिफ म्हणतात. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर, इसवी सन ११३ च्या सुमारास, दगडात कोरलेली अक्षरे आहेत, ती या वळणाची जुनी साक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कारखाने, रेल्वे, नाटके, लिलाव यांच्या जाहिरातींचा पूर आला. पुस्तकातले नाजूक अक्षर भिंतीवर दिसेना. मग त्याच सेरिफ अक्षराला लठ्ठ करण्याचा उद्योग सुरू झाला. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याच्या लंडनच्या कारखान्याने ‘क्लॅरेंडन’ नावाचे ठळक अक्षर काढले. ते शब्दकोशात फार उपयोगी पडले. साध्या मजकुरात एकच शब्द जाड छापला की डोळा थेट त्यावर जातो. आज आपण ज्याला बोल्ड म्हणतो, ती सवय तेव्हाची आहे. त्याआधी मजकुरात जोर द्यायचा तर अक्षर तिरपे करीत, नाहीतर मोठे करीत.

देवनागरीला असे पाय नसतात. आपले अक्षर वरच्या शिरोरेघेला धरून असते. पण पारंपरिक वळण म्हणजे काय, हे देवनागरीतही ओळखता येते. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. तो एका दिशेने ओढला की रेघ जाड येते, वळला की बारीक होते. ‘ग’ची गाठ, ‘क’चे पोट, ‘ल’च्या पाकळ्या हे सगळे त्या जाड-बारीकपणातून जन्मले. खिळे कापणाऱ्यांनी तेच वळण पोलादात उतरवले. आता यालाच ठळक करायचे म्हटले की अडचण येते. इंग्रजी अक्षर जाड केले तर ते रुंद होते, एवढेच. देवनागरी अक्षर जाड केले तर त्याचे पोट बुजते. ‘ष’, ‘भ’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या आतली पांढरी जागाच नाहीशी होते आणि रद्दी कागदावर शाई पसरली की काळा डाग उरतो. शिरोरेघ जाड झाली की तिच्यावरच्या मात्रेला, वेलांटीला आणि अनुस्वाराला जागा कमी पडते. म्हणून चांगले ठळक देवनागरी अक्षर हे साध्या अक्षराला शाई जास्त लावून होत नाही. ते वेगळे काढावे लागते, कुठे रेघ चोरायची, कुठे पोट उघडे ठेवायचे हे ठरवावे लागते. संगणकात ‘बी’चे बटण दाबले की अक्षर जाड होते, असे आपल्या पोरांना वाटते. मूळ फाँटमध्ये ठळक अक्षर काढलेलेच नसेल तर ते बटण फक्त कडा सुजवते.

हे पोलादात कापण्याचे काम कोणी केले? इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्याकडे एक समज पसरलेला आहे की देवनागरीचे जुने वळण, जोडाक्षरांची ती भरगच्च मांडणी, हे सगळे भटा-ब्राह्मणांचे. आपल्याला त्याच्याशी काय देणेघेणे. खरा इतिहास तसा नाही. १७७८ मध्ये बंगाली व्याकरणासाठी खिळे तयार करण्यात आणि पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात देवनागरी खिळे कापण्यात ज्याचा हात होता तो पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरी खिळे तयार केले. मराठी छपाईचा व्यवसाय ज्यांनी उभा केला ते गणपत कृष्णाजी भंडारी समाजातले. आणि ज्यांच्या ‘निर्णयसागर’चे नाव काशीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या शास्त्री-पंडितांच्या तोंडी होते, ते जावजी दादाजी चौधरी गरीब घरातले. वडिलांचे छत्र नसलेला हा मुलगा दहाएक वर्षांचा असताना मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागला. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये छापखाना. त्यांच्यासाठी खिळ्यांचे पंच कापणारे कारागीर होते राणोजी रावजी आरू. आज ज्याला आपण ‘छान जुने मराठी अक्षर’ म्हणतो ते बहुतेक याच कारखान्याचे किंवा त्याच्या नकलेचे.

आणि त्या काळचे सोवळे पाहा. छापलेल्या पुस्तकाच्या शाईत चरबी असते म्हणून ते हातात धरायला कर्मठ मंडळी तयार नव्हती. शेवटी धार्मिक पुस्तके तुपाच्या शाईने छापून गणपत कृष्णाजींना त्यांची समजूत काढावी लागली. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात ही हकीकत नोंदवली आहे. पुढे त्याच मंडळींनी वेद, उपनिषदे, काव्यमाला सगळे निर्णयसागरच्या अक्षरांत डोळे भरून वाचले. ज्या शूद्राने वेद ऐकला तर कानात शिसे ओतण्याची भाषा शास्त्रात आहे, त्याच शूद्राच्या हाताने ओतलेल्या शिशाच्या खिळ्यांवर वेद छापले गेले. त्या शिशात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असे आणि त्याच्या धुळीने जुळाऱ्यांची फुप्फुसे खराब होत, हे मात्र कुठल्या भाष्यात लिहिलेले नाही.

म्हणून मी म्हणतो, हे वळण आपले आहे. कारागिरांचे आहे.

तरुणपणी १९८० च्या दशकात मी वर्षभर एका तालुक्याच्या गावी छापखान्यात प्रुफे वाचण्याचे काम केले. ट्रेडल मशीन पायाने चालायचे. पुस्तकी खिळे शिशाचे, पण पोस्टरची मोठी अक्षरे लाकडाची असत. त्या लाकडी अक्षरांचा एकच संच होता आणि त्यात ‘भ’ दोनच. आता आपल्या कार्यक्रमांचे शब्द बघा. भीम, भव्य, सभा, भारत, भगवान. पहिल्या ओळीत ‘जय भीम’, दुसरीत ‘भव्य सभा’ म्हटले की ‘भ’ संपला. मालक म्हणायचा, ‘भव्य’ कशाला, ‘विराट’ म्हणा. आमचे जुने कार्यकर्ते हट्टी. ते म्हणायचे, सभा विराट नाही, हजारभर माणूस येईल, भव्यच बरोबर आहे. मग तिसरा ‘भ’ सुताराकडून कापून आणला गेला. तो जरा वाकडा होता. त्या वाकड्या ‘भ’ची पोस्टरे कळंबपर्यंत लागली आणि लांबून ओळखू यायचे की हे आपल्या लोकांचे पोस्टर आहे. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावर काळे, जाड, पोट उघडे असलेले अक्षर. कापसाच्या वेचणीवरून परतणाऱ्या ज्या बाईला दोन इयत्ता येत होत्या, तिला ते बैलगाडीतून वाचता येत असे. ठळक अक्षराचा खरा उपयोग हाच होता. ज्याला वाचायची सवय नाही, चष्म्याला पैसे नाहीत, थांबायला वेळ नाही, त्याच्यासाठी ते अक्षर होते.

नंतर आपल्या वस्त्यांत पेंटर आले. विदर्भातल्या कुठल्याही गावात निळ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला ‘जय भीम’ आठवा. तो कुठल्या शाळेत शिकून काढलेला नव्हता. आमच्या वस्तीतला पेंटर खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून रेघ मारायचा, आधी अक्षराची बाहेरची कड काढायचा आणि मग आत रंग भरायचा. ‘बुद्ध’ लिहिताना तो ‘द’च्या पोटाखाली ‘ध’ असा बसवायचा की दोघे एकमेकांना धरून आहेत असे वाटे. दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला. स्वस्त, रंगीत, रात्रीतून तयार. चार-पाच वर्षांत पेंटरचे काम गेले. तो आता हंगामात जिनिंगमध्ये हमाली करतो आणि एरवी घराला चुना मारतो. फ्लेक्सला माझा तात्त्विक विरोध नाही. पण फ्लेक्सने आपल्याला काय दिले ते तपासले पाहिजे. त्याने फोटो मोठे केले आणि अक्षर बारीक केले. पूर्वी पोस्टरवर सभेचा विषय सर्वांत मोठ्या अक्षरात असे, वक्त्याचे नाव त्याहून लहान आणि ‘निमंत्रक’ अगदी तळाला. आता विषय शोधावा लागतो.

आता त्या मोडलेल्या ‘बुद्धा’विषयी. हे असे का होते? कारण साधे आहे. गेल्या शतकाच्या शेवटी मराठी डीटीपी सुरू झाले तेव्हा प्रत्येक कंपनीने आपापला फाँट आपापल्या पद्धतीने बनवला. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वर मराठी अक्षरांची चित्रे. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की चिन्हांचा कचरा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र जागा आहे, पण फोटो आणि बॅनरच्या कामाचे जुने सॉफ्टवेअर युनिकोडची जोडाक्षरे नीट बांधत नाही. कार्यकर्ता मोबाइलवर मजकूर लिहून पाठवतो, तो युनिकोडमध्ये असतो. फ्लेक्सवाला तो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो आणि ‘द्ध’ सुटतो, र चुकतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. भरीला बरेचसे फाँट हिंदीसाठी बनवलेले. त्यात मराठी ‘ल’ आणि ‘श’ची रूपे नसतात, ‘ऱ्या’चा विचार नसतो. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी या आपल्या मराठी माणसाने केला, ते मोठे सुलेखनकार होते, २००८ मध्ये गेले. पण त्यातही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचेच दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमाला आणि लिपीविषयी निर्णय काढला, त्यात मराठीची ही रूपे कोणती ते सांगितले. २०२२ मध्ये तो सुधारला. आपल्या तहसीलच्या फलकांवर त्याचा काही परिणाम झालेला मला तरी दिसला नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. एक शिक्षक मित्र मला म्हणाले, “सर, बालभारतीच्या पुस्तकातसुद्धा द ला हलन्त देऊन ध वेगळा छापतात. मुलांना सोपे जाते. तुम्ही शुद्धलेखनाचा तोच जुना पेठी आग्रह धरता आहात.” शुद्धलेखनाने आपल्याला किती छळले हे मी विसरलेलो नाही. ‘तुमची भाषा अशुद्ध’ असे म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसवलेल्या पिढीतला मी आहे. बाबुराव बागूल, नामदेव ढसाळ यांनी ती शुद्धतेची भिंत पाडली म्हणून तर आपल्या बोलीला छापील पानावर जागा मिळाली. पण या दोन गोष्टी एक नाहीत. ढसाळांनी शब्द मोडला तो स्वतः मोडला, ठरवून मोडला. बालभारतीने जोडाक्षर सोडवून छापले ते पहिलीच्या पोराचा विचार करून, त्यावर वाद होऊ शकतो, पण तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. राळेगावच्या फ्लेक्सवर जे झाले तो कोणाचाच निर्णय नव्हता. आपला शब्द कसा दिसावा हे आपल्याला विचारलेच गेले नाही, आणि आपणही विचारले नाही. मंत्र्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचे नाव असे मोडले असते तर फ्लेक्सवाल्याने रात्रीतून दुसरा छापून दिला असता. तिथे काँप्युटरात तसे येत नाही!

याहून मोठे नुकसान दिसत नाही, म्हणून ते सांगतो. १९९५ ते २०१० या काळात चळवळीतल्या असंख्य छोट्या मासिकांचा, स्मरणिकांचा, पुस्तिकांचा मजकूर या जुन्या फाँटांत टाइप झाला. मी स्वतः एका जिल्हा पातळीवरच्या मासिकाच्या संपादनात होतो. सात वर्षांच्या अंकांच्या सीडी माझ्या कपाटात आहेत. त्यातल्या ज्या उघडतात त्यांत ‘बाबासाहेब’ या शब्दाच्या जागी डॉलरची खूण, कंस आणि इंग्रजी अक्षरे दिसतात. ज्या संगणकात तो फाँट होता तो भंगारात गेला. इंटरनेटवर कोणी विद्यार्थी यवतमाळ जिल्ह्यातल्या नामांतर लढ्याविषयी शोधू लागला तर आमचा एक शब्दही त्याला सापडणार नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने तो मराठीच नाही. प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांनी आपले जुने अंक रूपांतरित करून घेतले, त्यांच्याकडे पैसा आहे. आपले मूकपण पुन्हा एकदा, या वेळी फाँटमुळे.

छापील वारशाचे हाल तर सर्वांसमोर झाले. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. त्याच वास्तूत बुद्ध भूषण छापखाना होता. त्याविरुद्ध १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, त्या मोर्चात विदर्भातूनही माणसे गेली होती. वास्तूबद्दल आपण लढलो हे योग्यच झाले. पण त्या छापखान्यात कुठली यंत्रे, कुठल्या मापाचे खिळे होते, ‘जनता’चे मथळे कुठल्या अक्षरात जुळवले जात, याची नोंद करणारा आपल्यात कोणी आहे का? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे छापण्याच्या शासनाच्या प्रकल्पाचा कागद पडून राहिला आणि उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापणे हा विषय आपण सरकारवर सोडला की काय होते त्याचा हा नमुना.

उपाय महाग नाहीत. आज चांगली मराठी अक्षरे फुकट आणि खुल्या परवान्यावर मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने काढलेले ‘मुक्ता’ बारीक मजकुराला उत्तम आहे, ‘बलू’ जाड आणि गोलसर आहे, पोरांच्या कार्यक्रमाला शोभेल. ‘यात्रा वन’ हे अक्षर मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेले आहे आणि आपल्या पेंटरच्या अक्षराच्या ते बरेच जवळ जाते. ‘रोझा वन’ हे अतिशय ठळक, पारंपरिक वळणाचे. जाड रेघ फार जाड, बारीक रेघ केसासारखी. मोठ्या मथळ्याला ते देखणे दिसते, पण आपल्याकडच्या उन्हात फ्लेक्स विटला की ती बारीक रेघ पहिल्यांदा उडते, तेव्हा जपून वापरावे. निर्णयसागरच्या वळणाचे, पोट उघडे, मराठी ‘ल’ ‘श’ असलेले, भिंतीवर वीस फुटांवरून वाचता येणारे ठळक अक्षर मात्र मला अजून मनासारखे सापडलेले नाही. ते आपल्या पोरांनी काढावे. जुन्या ‘जनता’च्या आणि ‘प्रबुद्ध भारत’च्या अंकांतले मथळे स्कॅन करावेत, त्यावरून अक्षरे काढावीत. ‘फाँटफोर्ज’ हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट आहे. पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवतात, तिथे आपली मुले आहेत. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर १९७१ मध्ये तीन खंड लिहून ठेवले आहेत, ते ग्रंथालयांत धूळ खात आहेत. इंजिनिअर झालेल्या आपल्या शेकडो मुलांपैकी दोघांनी जरी वर्षभर रविवार दिले तरी हे काम होईल.

आपल्या तालुक्यातले गोंड बांधव यात आपल्या पुढे गेले आहेत, हे सांगताना मला आनंद वाटतो. राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, म्हणजे गोंडी इथली शेजारची नव्हे, घरातली भाषा. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात जुनी गोंडी हस्तलिखिते सापडली आणि त्या गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी विसाव्या शतकात रचलेल्या गोंडी लिपीला त्याआधी एक वर्ष मिळाली होती. ज्यांच्या लिपीला शाळेत कोणी ओळखत नव्हते त्यांनी ती जगाच्या संगणकात नेली. आपल्याकडे तर हजार वर्षांची लिपी तयार आहे आणि आपण फ्लेक्सवाल्याच्या काँप्युटरापुढे हात टेकतो.

या जयंतीनंतर आमच्या विहारात यावर बैठक झाली. दीड तास चालली, त्यातला एक तास फोटोंवर गेला. फोटो काढले तर वर्गणी कोण देईल, हा प्रश्न खोटा नाही. शेवटी ठरले ते असे. यापुढे फ्लेक्सचा मजकूर देताना ‘बुद्ध’, ‘सिद्धार्थ’, ‘धम्मचक्र प्रवर्तन’ आणि ‘शेतकऱ्यांचा’ हे चार शब्द आधी छापून दाखवायला सांगायचे. ते नीट आले तरच पुढचे पैसे. अशोक विजयादशमीसाठी फ्लेक्स नाहीच. विहाराची रस्त्याकडची भिंत रंगवायची, काम आमच्या जुन्या पेंटरला द्यायचे आणि दोन पोरांनी त्याच्या हाताखाली राहायचे. मजुरी दिवसाच्या हिशेबाने, निम्मी आगाऊ. पेंटरने भिंत पाहिली, पोपडे खरवडून घ्या म्हणाला. शिरोरेघ चार बोटांची ठेवू, म्हणजे नागपूरला जाणाऱ्या गाडीतूनही वाचता येईल, असे त्याचे म्हणणे. भिंतीवर कोणाचेही नाव येणार नाही. वर्गणीदारांची यादी विहारातल्या फळ्यावर खडूने लिहिली जाईल.